निवृत्तीचा हिशेब : मूल, नागपूर आणि सातासमुद्रापलीकडे



गेल्या महिन्यात मूल येथील एका वाचकांचे चार पानी पत्र आले. ते वनविभागातून निवृत्त झाले आहेत. वय ६८, पत्नीचे ६४. मुलगा २०१९ पासून जर्मनीत स्टुटगार्टला नोकरी करतो, तर कन्या अमेरिकेत न्यू जर्सीला आहे. ‘आता इकडे या, तिथे एकटे किती दिवस राहणार?’ असा दोघांचाही आग्रह आहे. शेजारचे एक गृहस्थ घर चांगल्या किमतीला मागत आहेत. पत्राच्या शेवटी प्रश्न होता : ‘युरोप स्वस्त की अमेरिका? आमच्या निवृत्तिवेतनात कुठे भागेल, एवढेच आपण सांगावे.’

प्रश्न एका ओळीचा असला तरी त्याचे उत्तर एका ओळीत बसणारे नाही. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांतून असा प्रश्न आता वरचेवर येऊ लागला आहे. वनखात्यातले, शाळांतले, कोळसा खाणींतले, बल्लारपूरच्या कागद कारखान्यातले अनेक जण आज साठी-सत्तरीत आहेत. त्यांची मुले शिकली आणि पुणे, हैदराबाद, त्यापलीकडे पांगली. म्हणून हे उत्तर खाजगी न ठेवता येथे लिहीत आहे.

पत्रलेखकांनी आपली खर्चाची वहीच उतरवून पाठवली, हे फार चांगले केले. घर स्वतःचे. किराणा, दूध, भाजी मिळून दहा हजार. तांदूळ शेतावरचा, म्हणून त्याचा खर्च धरलेला नाही. औषधे चार हजार. वीज एरवी हजार-बाराशे, पण एप्रिल ते जूनमध्ये कूलर दिवसरात्र चालू असल्याने तिप्पट. धुणीभांडी करणाऱ्या बाईंचे दोन हजार. गॅस, फोन, दुचाकीचे पेट्रोल, लग्नकार्यातला आहेर असे सारे धरून महिन्याला सव्वीस हजार होतात. निवृत्तिवेतन सेहेचाळीस हजार. म्हणजे वीस हजार शिल्लक. मुलामध्ये त्यांचे उत्तम चालले आहे.

हेच बिऱ्हाड नागपूरला भाड्याच्या घरात नेले, तर माझ्या अंदाजाने पन्नास हजारांच्या खाली भागणार नाही आणि शिल्लक संपेल. पुण्यात सत्तर हजारही कमी पडतील. तिथे अथश्रीसारखी खास ज्येष्ठांसाठी बांधलेली संकुले आहेत, सोयीही चांगल्या आहेत. पण मूलचे घर विकून तिथली सदनिका आणि दरमहाचा देखभाल खर्च यांचा मेळ बसतो का, हे आधी कागदावर मांडून पाहावे लागेल.

आता परदेशाकडे वळू. डॉलर ८६ रुपयांचा आणि युरो शंभराचा धरू, म्हणजे आकडे डोळ्यांसमोर राहतील. सेहेचाळीस हजार रुपये म्हणजे सुमारे ५३५ डॉलर किंवा ४६० युरो. अमेरिकेत सामाजिक सुरक्षा योजनेतून निवृत्त माणसाला मिळणारे सरासरी मासिक वेतन २०२५ च्या आरंभी १,९७६ डॉलर होते आणि तेवढ्यात भागत नाही अशी तिथल्याच वृद्धांची तक्रार असते. त्यातले कित्येक जण पोर्तुगाल, स्पेनची वाट धरतात. पोर्तुगालचा निवृत्तांसाठीचा निवास परवाना मागणाऱ्या एकट्या माणसाचे उत्पन्न तिथल्या किमान वेतनाइतके, म्हणजे २०२५ मध्ये दरमहा ८७० युरो असावे लागते. जोडप्याला त्याहून अधिक. अमेरिकी माणसाला हा आकडा स्वस्ताईचा वाटतो. आपल्या वनखात्यातल्या निवृत्तिवेतनाच्या तो जवळजवळ दुप्पट आहे. तेव्हा ‘युरोप स्वस्त’ असे कोणी म्हणाले, तर ‘कोणासाठी?’ असे विचारावे. ते अमेरिकेच्या तुलनेत आणि डॉलरमध्ये कमावलेल्यांना स्वस्त आहे.

‘पण आम्ही मुलाकडेच राहणार, भाडे कुठे द्यायचे आहे?’ हे पत्रातले वाक्य रास्त आहे. अन्न आणि निवारा मुले आनंदाने देतील. म्हाताऱ्या माणसांचा परदेशातला खरा खर्च स्वयंपाकघरात होत नाही, तो दवाखान्यात होतो. त्याआधीही एक अडसर आहे : तिथे कायम राहण्याची परवानगी मिळते का?

अमेरिकेत आईवडिलांना कायमचे बोलावण्याचा अधिकार एकवीस वर्षांवरील नागरिकालाच आहे. कन्या नोकरीच्या व्हिसावर असेल किंवा नुसते ग्रीन कार्ड मिळाले असेल, तर तिला तो नाही. नोकरीच्या मार्गाने ग्रीन कार्ड मागणाऱ्या भारतीयांची रांग किती लांब आहे, हे अनेक घरांना ठाऊक आहे. पाहुणे म्हणून जाता येते, पण एका खेपेला साधारणतः सहा महिन्यांपर्यंतच. ग्रीन कार्ड मिळालेच, तरी ज्येष्ठांच्या मेडिकेअर या सरकारी विम्यात पैसे भरून शिरण्यासाठी वय ६५ आणि सलग पाच वर्षांचे वास्तव्य लागते. तिथे कधीच नोकरी न केलेल्या माणसाचा हप्ता २०२५ च्या दराने रुग्णालय विभागासाठी ५१८ डॉलर आणि डॉक्टर-तपासण्यांसाठी १८५ डॉलर, म्हणजे माणशी ७०३ डॉलर. दोघांचे १,४०६. रुपयांत महिन्याला एक लाख वीस हजार! यातही नेहमीचे दंतोपचार, चष्मा, श्रवणयंत्र बहुतांशी येत नाही. आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसाची दीर्घकाळची शुश्रूषा तर येतच नाही. तिथल्या शुश्रूषागृहातील स्वतंत्र खोलीचा वर्षाचा खर्च सव्वा लाख डॉलरांच्या आसपास आहे. म्हणजे एक कोटी रुपयांहून अधिक.

जर्मनीचा प्रकार निराळा. तिथे आजारपणाचा सक्तीचा विमा तर आहेच, पण १९९५ पासून शुश्रूषेचाही वेगळा सक्तीचा विमा आहे. म्हातारपणी माणसाला दुसऱ्याच्या हातांची गरज पडणारच, आणि तो खर्च समाजाने मिळून उचलायचा, हे त्या देशाने कायद्यात लिहून ठेवले. मला या गोष्टीचे फार कौतुक वाटते. तरीही तिथल्या शुश्रूषागृहात विम्याचा वाटा वजा जाता रहिवाशाला पहिल्या वर्षी दरमहा सरासरी तीन हजार युरोंच्या आसपास पदरचे भरावे लागतात. विम्याचा वाटा मिळतो तोही मागील दहा वर्षांत निदान दोन वर्षे हप्ते भरलेल्यालाच. पंचावन्न वर्षांनंतर बाहेरून आलेल्या माणसाला सरकारी आरोग्य विम्यात सहसा प्रवेश नाही, आणि खाजगी विमा या वयात, मधुमेह-रक्तदाबासह, घेऊ म्हटले तर हप्ता दोघांच्या निवृत्तिवेतनाला पुरून उरेल.

मार्च २०२४ पासून जर्मनीने कुशल कर्मचाऱ्यांच्या आईवडिलांसाठी दार किलकिले केले, हे खरे आहे. पत्रलेखकांच्या चिरंजीवांनी बहुधा हेच वाचून आग्रह धरला असावा. पण ती सवलत ज्यांना पहिला कुशल-कामगार परवाना १ मार्च २०२४ रोजी किंवा त्यानंतर मिळाला, त्यांच्यासाठी आहे. २०१९ पासून तिथे नोकरीवर असलेल्या मुलाला ती बहुधा लागू होणार नाही. त्याने तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयात जाऊन लेखी खात्री करून घ्यावी. तोवर पाहुणा म्हणून दर १८० दिवसांत ९० दिवस, आणि सोबत किमान तीस हजार युरोंचा प्रवासी वैद्यकीय विमा, एवढाच मार्ग उरतो. ज्यांची मुले इंग्लंडमध्ये आहेत, त्यांनीही लक्षात ठेवावे : जुलै २०१२ पासून तिथे वृद्ध आईवडिलांना कायमचे नेणे अतिशय अवघड झाले आहे. लागणारी शुश्रूषा मुलाने पैसे पाठवूनही मायदेशी मिळू शकत नाही, हे सिद्ध करावे लागते.

एक गोष्ट प्रवासी विम्याबद्दल. मुले घाईघाईत सर्वांत स्वस्त विमा घेतात. त्यात आधीपासूनचे आजार बहुधा वगळलेले असतात. पंधरा वर्षांचा मधुमेह असलेल्या माणसाला तिथे हृदयविकार झाला, तर विमा कंपनी काय म्हणेल याचा विचार विमानात बसण्यापूर्वी करावा. ती पत्रके मुलांकडून मागवून घ्यावीत, आणि कोणाकडून तरी समजावून घेतल्याशिवाय सही करू नये.

इथवर वाचून ‘मग आपले मूलच बरे’ असे आपण म्हणाल. थांबा. वहीतल्या सव्वीस हजारांत एक खर्च लिहिलेलाच नाही, आणि आपल्या भागात तोच सर्वांत मोठा आहे. तो आहे अंतराचा.

गडचिरोलीजवळच्या शोधग्राम येथील ‘सर्च’ संस्थेच्या संशोधकांनी खेड्यांतील मृत्यूंचा अभ्यास करून २०१५ मध्ये जे प्रसिद्ध केले, ते आपणा सर्वांना ठाऊक असावे. ग्रामीण गडचिरोलीत मृत्यूचे सर्वांत मोठे कारण पक्षाघात असल्याचे आढळले : दर सात मृत्यूंमागे एक. त्यातले बहुतेक मृत्यू घरीच झालेले. आपल्याकडे ‘लकवा मारला’ म्हणतात, कोणी मालिश करतो, कोणी देवऋषी गाठतो आणि सकाळची वाट पाहतो. मेंदूतील रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येते, आणि तेही मेंदूचे सीटी स्कॅन करून, रक्तस्राव नाही याची खात्री झाल्यावर.

आता हे साडेचार तास नकाशावर मांडा. मूलपासून चंद्रपूर साधारण ४५ किलोमीटर. तासाभरात पोचता येते. चंद्रपूरला २०१५ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, गडचिरोलीलाही २०२४ मध्ये सुरू झाले. चंद्रपूरहून नागपूर आणखी दीडशे किलोमीटर. म्हणजे मूलकरांचे जमू शकते, वेळ न दवडल्यास. पण भामरागडचे काय? पर्लकोटेला पूर आला की तालुक्याचा संपर्क तुटल्याच्या बातम्या दर पावसाळ्यात येतात. सिरोंच्याच्या माणसाला गडचिरोली सुमारे दोनशे किलोमीटर. तो प्राणहिता-गोदावरीचे पूल ओलांडून तेलंगणात मंचेरियाल, वारंगलचा रस्ता धरतो, आणि ते शहाणपणाचेच आहे. अहेरी, एटापल्ली, भामरागडकडचे कोणी निवृत्तीनंतर कुठे राहावे असे विचारतील, तर किराणा किती स्वस्त आहे हे मी पाहणारच नाही. पावसाळ्याच्या मध्यरात्री सीटी स्कॅनपर्यंत किती तासांत पोचता येईल, एवढेच पाहीन.

म्हणून हे पान बाजूला ठेवण्यापूर्वी एक काम करा. आपल्या घरापासून सर्वांत जवळ मेंदूचे सीटी स्कॅन रात्री कुठे होते, आणि गुठळीचे इंजेक्शन कुठे दिले जाते, याची चौकशी करून ते नाव आणि दूरध्वनी भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावा. १०८ ची रुग्णवाहिका मोफत आहे. तो क्रमांक त्याच कागदावर असू द्या. चेहरा एका बाजूला ओढला जाणे, एक हात न उचलणे, बोलणे अडखळणे, यांपैकी काहीही अचानक झाले तर तोंडात पाणी, गोळी, काही घालू नका, ॲस्पिरिनही नको. लक्षणे किती वाजता सुरू झाली, ती वेळ लिहून घ्या आणि निघा. आणि रक्तदाबाची गोळी ‘आता बरे वाटते’ म्हणून बंद करू नका. त्या गोळीचा महिन्याचा खर्च जनऔषधी दुकानात एका चहाफराळाइतका असतो.

दुसरा न लिहिलेला खर्च हातांचा. पत्रलेखक आज दुचाकी चालवतात. दहा वर्षांनी दोघांपैकी एकाला उठायला-बसायला मदत लागेल तेव्हा काय? जर्मनीत त्यासाठी विमा आहे, अमेरिकेत पैसा लागतो, आपल्याकडे माणूस लागतो. नागपूर-पुण्यात शुश्रूषा पुरवणाऱ्या संस्था आहेत. चोवीस तासांची बाई ठेवायची तर पंचवीस-तीस हजार मोजावे लागतात, पण मिळते. मूल-सिंदेवाहीकडे खर्च निम्मा, पण माणूस बारमाही नसतो. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले, मे महिन्यात तेंदूपत्ता, जुलैपासून धानाची रोवणी. या दिवसांत हाताखालच्या बाई चार पैसे अधिक मिळवायला जातात, आणि त्यांनी का जाऊ नये? आमच्या परिचयातील एका कुटुंबाने यावर चांगला उपाय काढला. एकाच बाईंवर भार न टाकता त्यांनी दोन शेजारणींना वर्षभराचे ठरीव मानधन दिले, आणि हंगामात दोघींनी आलटून पालटून यायचे ठरवले. तिघा घरांनी मिळून हे केले, तर खर्चही वाटून जातो.

आपल्या राज्यात ज्येष्ठांना जे मिळते, तेही हिशेबात धरले पाहिजे. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षांवरील प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान योजनेत कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण आहे. त्याचे ‘वय वंदना’ कार्ड काढावे लागते. पत्रलेखकांना त्यासाठी अजून दोन वर्षे आहेत. तोवर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत जवळचे कोणते रुग्णालय आहे ते पाहून ठेवावे. एसटीत ७५ नंतर प्रवास मोफत, ६५ ते ७५ पर्यंत अर्धे तिकीट, बाईमाणसांना तर कोणत्याही वयात अर्धे. रेल्वेने मात्र ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये बंद केली, ती अजून परत दिलेली नाही. हा अन्याय आहे असे माझे स्पष्ट मत आहे. नागपूरला उपचाराला जाणारा म्हातारा काही सहलीला निघालेला नसतो.

येथे सर्वांचे निवृत्तिवेतन सारखे नाही, हेही सांगितले पाहिजे. वनखात्यातल्या जुन्या निवृत्तांच्या वेतनाला महागाई भत्ता जोडलेला आहे. ते महागाईमागून का होईना, चालते. कोळसा खाणीतल्या १९९८ च्या योजनेचे वेतन ज्या आकड्यावर ठरले तिथेच थांबते. कारखान्यांतल्या १९९५ च्या योजनेत तर २०१४ पासून किमान वेतन एक हजार रुपये आहे. महिन्याला. त्या माणसापुढे युरोप की अमेरिका हा प्रश्न ठेवणे क्रूरपणाचे होईल. त्याचा प्रश्न श्रावणबाळ योजनेचे पंधराशे रुपये वेळेवर येतात का, हा आहे. त्या विषयावर पुढील अंकात सविस्तर लिहीन.

आता, मूलचे वाचक महोदय, आपल्यासाठी. घर विकू नका, निदान आता नाही. परदेशात कायम राहण्याचा परवाना हातात पडण्यापूर्वी घर विकणे म्हणजे पैलतीर दिसण्याआधी होडी विकण्यासारखे आहे. मुलांच्या नावे करायचेच झाले, तरी आपल्या पालनपोषणाची अट त्या बक्षीसपत्रात लिहून घ्या. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या २३ व्या कलमाचा आधार अशी अट असेल तर मिळतो. दोन्ही मुलांकडे जाऊन या, अवश्य जा. स्टुटगार्टला मात्र मे-जूनमध्ये जा. इकडे पारा ४५ अंशांच्या वर गेलेला असतो आणि तिकडे रात्री नऊपर्यंत उजेड असतो. डिसेंबरात साडेचारला अंधार पडतो, रस्त्यावर बर्फ साचतो आणि मांडीचे हाड मोडायला एकदा घसरणे पुरते. शिवाय हिवाळ्यात आपल्याकडे झाडीपट्टीची नाटके रंगतात. आपण वडसा मंडळींचे चाहते आहात असे पत्रावरून दिसते, ती का चुकवावीत? निवृत्तिवेतनासाठीचा हयातीचा दाखला नोव्हेंबरात द्यावा लागतो, तेव्हाही आपण इथेच असाल.

दरमहा उरणाऱ्या वीस हजारांतून दहा हजार शुश्रूषेसाठी म्हणून वेगळे ठेवायला आजपासून सुरुवात करा. पंचाहत्तरीला ती रक्कम व्याजासह दहा लाखांच्या घरात जाईल. आणि मुलांनी विमानाच्या तिकिटांबरोबरच चंद्रपुरात रुग्णालयाजवळ दोन खोल्यांच्या भाड्याचाही विचार करावा. पावसाळ्याचे तीन महिने तिथे काढले, तरी अंतराचा निम्मा धोका टळतो. त्यांना युरोत हा खर्च जाणवणारही नाही.

एक गोष्ट राहिली. आपले सारे पत्र ‘आम्ही’ असे लिहिलेले आहे. परंतु चौथ्या पानाच्या मागे, निराळ्या हस्ताक्षरात, पेन्सिलीने एक ओळ आहे. ती बहुधा पाकीट बंद होण्यापूर्वी लिहिली गेली असावी. ‘माझे गुडघे जिना चढू देत नाहीत. मुलाचे घर कितव्या मजल्यावर आहे हे यांनी विचारलेले नाही. जर्मनीत लिफ्ट असते ना?’

वहिनी, जुन्या इमारतींत पुष्कळदा नसते. मुलाला आजच विचारा, आणि तो काय म्हणाला ते मला कळवा.